गुहागर-विजापूर रस्ता

मुलांनो, महाराष्ट्राचा नकाशा समोर घ्या. अरबी समुद्राच्या काठी, दाभोळच्या खाडीच्या दक्षिणेस, गुहागर हे गाव तुम्हांला सापडेल. तेथे बोट ठेवा आणि ते हळूहळू पूर्वेकडे सरकवीत न्या. प्रथम चिपळूण लागेल. मग सह्याद्रीची रांग आडवी येईल. ती ओलांडली की पाटण, कराड, विटा, जत ही गावे एकामागून एक येतील, आणि शेवटी बोट राज्याची सीमा ओलांडून कर्नाटकातील विजापुरावर टेकेल. नकाशावर हे अंतर वीतभरही भरणार नाही. प्रत्यक्षात मात्र ते तीनशे किलोमीटरांहून अधिक आहे.

सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दप्तरात या रस्त्याची नोंद पुष्कळ वर्षे ‘राज्यमार्ग क्रमांक ७८’ अशी होती. एका जिल्ह्याला दुसऱ्या जिल्ह्याशी, मोठ्या बाजारपेठांना बंदरांशी आणि आपल्या राज्याला शेजारच्या राज्याशी जोडणाऱ्या रस्त्यास राज्यमार्ग म्हणतात. त्याच्या दुरुस्तीचा भार राज्य सरकारवर असतो. पुढे हा रस्ता राष्ट्रीय महामार्गांच्या यादीत गेला आणि आता त्याला ‘१६६ ई’ असा क्रमांक आहे. लोक मात्र त्याला अजूनही गुहागर-विजापूर रस्ताच म्हणतात. क्रमांक बदलला म्हणून घाटातली वळणे काही कमी होत नाहीत!

या रस्त्याने जाताना एक गोष्ट सतत नजरेत भरते, ती म्हणजे पाऊस. कोठे तो फार पडतो, कोठे बेताचा पडतो आणि कोठे पडतच नाही म्हटले तरी चालेल. घरे, पिके, भाकरी, माणसांचे व्यवसाय, सारे काही त्या पावसाच्या मापाने बदलत जाते. म्हणून हा रस्ता नीट पाहिला तर महाराष्ट्राचा निम्मा भूगोल पाठ न करताच समजतो.

प्रारंभ समुद्रापासून करू. गुहागरचा किनारा लांब, सरळ आणि स्वच्छ वाळूचा आहे. किनाऱ्यालगत नारळी-पोफळीच्या बागा असून गावात व्याडेश्वराचे प्रसिद्ध देवालय आहे. घरांच्या भिंती जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या, छपरे कौलारू आणि उतरती. इतक्या पावसात सपाट छप्पर टिकायचे नाही, हे कोकणातल्या गवंड्याला कोणी शिकवावे लागत नाही. गुहागरच्या उत्तरेस वाशिष्ठी नदी दाभोळच्या खाडीच्या रूपाने समुद्राला मिळते. खाडीच्या मुखाशी दक्षिण तीरावर अंजनवेलचा गोपाळगड किल्ला आहे आणि पलीकडच्या तीरावर दाभोळ.

आज दाभोळ हे लहानसे गाव आहे. परंतु बहामनी आणि आदिलशाही राजवटीत ते पश्चिम किनाऱ्यावरील एक नामांकित बंदर होते. अरबस्तान आणि इराण या देशांकडून येणारी गलबते येथे नांगर टाकीत. दक्षिणेतील सुलतानांना घोडदळासाठी उत्तम घोडे हवे असत. ते घोडे समुद्रमार्गाने येत आणि घाट चढून वर जात. उलट दिशेने देशावरचे कापड व इतर माल बंदरात उतरे. या संपत्तीवर परकीयांची दृष्टी गेली नसती तरच नवल. १५०८ सालच्या डिसेंबर महिन्याच्या अखेरीस पोर्तुगीज गव्हर्नर फ्रान्सिस्को द आल्मेडा याने दाभोळवर हल्ला करून ते जाळले. बंदर पुन्हा उभे राहिले खरे. पण एका शहराच्या भरभराटीला समुद्राइतकाच शत्रूचाही मार्ग मोकळा असतो, हे त्या वेळी दिसून आले.

आता तुमच्या लक्षात येईल की हा रस्ता ज्या दोन टोकांना जोडतो ती टोके कोणी सहज निवडलेली नाहीत. विजापूर ही आदिलशाहीची राजधानी आणि दाभोळ हे तिचे बंदर. राजधानीला समुद्र हवा होता आणि बंदराला गिऱ्हाईक हवे होते. मध्ये सह्याद्री उभा होता. कुंभार्ली आणि तिच्या आसपासच्या घाटवाटांनी ही गाठ घातली गेली.

त्या काळी रस्ता म्हणजे पायवाटच. गाडीचे चाक घाटात चालत नसे. सारा माल बैलांच्या पाठीवर लादून नेत. बैलाच्या दोन्ही अंगांना एकेक गोणी लोंबे, आणि अशा शेकडो बैलांचा तांडा घेऊन वंजारी व लमाण लोक मजल दरमजल करीत. खाली उतरताना धान्य, गूळ आणि कापूस. वर चढताना मीठ, नारळ आणि सुकी मासळी. यांपैकी मिठाचे महत्त्व आज आपल्याला पुरते कळायचे नाही. वाण्याच्या दुकानात पिशवी मिळते, मग त्यात विशेष ते काय? पण समुद्रापासून दोनशे-अडीचशे किलोमीटर दूर असलेल्या खेड्यातील माणसाच्या ताटात चिमूटभर मीठ पडावे म्हणून एखादा बैल घाट चढून आलेला असे.

गुहागरहून सुमारे पंचेचाळीस किलोमीटर आल्यावर चिपळूण लागते. वाशिष्ठीच्या काठचे हे शहर घाटाच्या पायथ्याचा बाजार म्हणून वाढले. भरतीच्या पाण्याबरोबर गलबते खाडीतून थेट गोवळकोटच्या धक्क्यापर्यंत येत. घाटावरून आलेला माल तेथे गलबतांत चढे आणि मुंबईकडे जाई. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमदानीत कुंभार्ली घाटातून गाडीरस्ता झाला, तेव्हा चिपळूणच्या पेठेला आणखी तेजी आली. पण ती फार काळ टिकली नाही. १८८०च्या दशकात पुण्याहून सातारा आणि मिरज या बाजूने दक्षिणेकडे आगगाडी सुरू झाली. घाटमाथ्यापलीकडचा माल घाट उतरून चिपळुणास येण्याऐवजी जवळच्या स्टेशनावर जाऊ लागला. आगगाडीने चिपळूणचे एकही दुकान पाडले नाही. तिने फक्त गिऱ्हाइकाचे तोंड दुसरीकडे वळविले. पुढे १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि त्याच चिपळुणास स्वतःचे रेल्वे स्टेशन मिळाले.

या शहराची आणखी एक ओळख सांगितलीच पाहिजे. १८६४ साली येथे एक वाचनालय स्थापन झाले. आज ते लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर या नावाने ओळखले जाते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीला महापूर आला, शहराच्या मोठ्या भागात पाणी शिरले, आणि या ग्रंथालयातील हजारो पुस्तकेही भिजून नष्ट झाली. पाण्याने दिलेले वैभव आणि पाण्याने केलेली हानी, दोन्ही चिपळूणच्या वाट्याला आली आहेत.

चिपळूण सोडले की खेर्डी, शिरगाव, पोफळी अशी गावे मागे टाकीत रस्ता डोंगराच्या कुशीत शिरतो. येथून कुंभार्ली घाट सुरू होतो. पायथा जवळजवळ समुद्रसपाटीला आणि माथा सहाशे मीटरांहून अधिक उंच. मोटारीत बसलेल्या मुलांना घाट म्हणजे केवळ वळणांची गंमत वाटते. परंतु ही वळणे का असतात याचा विचार आपण करू.

समजा, सहाशे मीटर उंच चढायचे आहे. सरळ चढ घेतला तर अंतर थोडे पडेल, पण बैल दमेल, गाडी मागे घसरेल आणि उतारावर ती आवरणार नाही. म्हणून अभियंता ठरवितो की वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटरच वर चढायचे. आता गणित करा. सहाशे मीटर उंचीसाठी बारा हजार मीटर, म्हणजे बारा किलोमीटर रस्ता लागेल. पण डोंगराच्या अंगावर बारा किलोमीटर सरळ जागा कोठून आणायची? मग तोच रस्ता नागासारखा मागे-पुढे वळवावा लागतो. घाटातील प्रत्येक वळण हे असे बैलाच्या दमाशी केलेल्या तडजोडीतून निघालेले असते. पुढे मोटारी आल्या तरी त्याच वळणांवरून त्यांना जावे लागले.

चढ साधला म्हणजे काम संपले असे नव्हे. सह्याद्रीचा हा भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हा बाहेर पडला, त्याचे थरावर थर साचले आणि थिजले. कड्यावर दिसणारे आडवे पट्टे ते हेच. काही थर कठीण, तर काही ठिसूळ. पावसाळ्यात ठिसूळ थरात पाणी मुरते आणि वरची दरड खाली येते. म्हणून रस्त्याच्या डोंगराकडील बाजूस गटार खणतात, जागोजागी रस्त्याखालून पाणी काढून देणाऱ्या मोऱ्या बांधतात आणि दरीकडच्या बाजूस कठडे घालतात. घाटात रस्त्याचा खरा शत्रू उंची नव्हे, तर पाणी. जून ते सप्टेंबर या महिन्यांत भर पावसात, अंगावर इरले किंवा प्लॅस्टिकचा कागद घेऊन तुंबलेली मोरी मोकळी करणारे मजूर या घाटाने किती पिढ्या पाहिले असतील! त्यांची नावे कोणत्याही दगडावर कोरलेली नाहीत.

घाटमाथ्यावर आल्यावर क्षणभर थांबू. येथे पडलेल्या पावसाची मोठी मौज आहे. माथ्याच्या पश्चिम अंगाला पडलेला थेंब वाशिष्ठीत उतरतो आणि थोड्याच वेळात अरबी समुद्राला मिळतो. त्याच्या शेजारीच, पण पूर्व अंगाला पडलेला थेंब कोयनेत जातो, कोयनेतून कृष्णेत आणि कृष्णेबरोबर महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण, आंध्र प्रदेश असा शेकडो कोसांचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळतो. समुद्र येथून पश्चिमेस हाकेच्या अंतरावर. तरीही ती नदी त्याच्याकडे पाठ फिरवून दूर निघून जाते.

निदान १९६०पर्यंत तरी असेच होते. मग माणसाने त्यात हात घातला.

कोयना नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते. तेथून ती दक्षिणेकडे वाहत हेळवाकपर्यंत येते आणि तेथे एकदम पूर्वेकडे वळते. हेळवाकजवळच, आता जेथे कोयनानगर आहे तेथे, १९५०च्या दशकात धरणाचे काम सुरू झाले. १०३ मीटर उंचीच्या या धरणाने अडविलेल्या पाण्याचा विस्तीर्ण जलाशय झाला. त्याला शिवसागर म्हणतात. त्यात सुमारे १०५ अब्ज घनफूट पाणी मावते. धरण बांधले तरी त्याचे पाणी पूर्वेकडेच सोडले असते तर त्यात नवल नव्हते. पण योजनाकारांनी पाहिले की धरणाच्या पश्चिमेस थोड्याच अंतरावर सह्याद्रीचा कडा तुटलेला आहे आणि खाली कोकण आहे. तेव्हा डोंगराच्या पोटातून बोगदे खणून जलाशयाचे पाणी पश्चिमेस नेण्यात आले. तेथे ते साडेचारशे मीटरांहून अधिक खोल कोसळते आणि पोफळीजवळ भूगर्भात कोरून काढलेल्या वीजघरातील चक्रे फिरविते. काम झालेले पाणी पुढे वाशिष्ठीत जाते. १९६२ साली पहिल्या टप्प्यातील वीज मिळू लागली. पुढचे टप्पे पूर्ण होत गेले तशी या प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅटपर्यंत पोहोचली. चौथ्या टप्प्यासाठी तर जलाशयाच्या तळाखालून बोगदा खणत आणला आणि १३ मार्च १९९९ रोजी, जलाशय रिकामा न करता, मधला अखेरचा खडक सुरुंगाने उडवून पाण्याला वाट करून दिली. अशा रीतीने बंगालच्या उपसागराकडे निघालेल्या एका नदीचे बरेचसे पाणी अरबी समुद्राकडे वळले. कृष्णा पाणीतंटा लवादाने त्याचे मापही ठरवून दिले: वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट.

महाराष्ट्राच्या कारखान्यांना आणि घरांना या विजेने केवढा आधार दिला हे सांगावयास नको. परंतु त्याची किंमतही कोणीतरी दिली आहे. शिवसागराच्या तळाशी अनेक गावे गेली. तेथील लोकांनी देवळे, शेते, स्मशाने आणि घरांचे उंबरठे मागे ठेवून दुसऱ्या तालुक्यांत आणि दुसऱ्या जिल्ह्यांत संसार मांडले. त्यांच्यापैकी कित्येक कुटुंबे पर्यायी जमिनीच्या मागणीसाठी साठ वर्षे उलटल्यावरही दाद मागत होती. ज्यांच्या शेतावर वीज तयार झाली त्यांच्या दारात दिवा सर्वांच्या आधी लागावयास हवा होता, असे मला वाटते.

पुढे ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे सव्वाचारच्या सुमारास कोयना परिसरात मोठा भूकंप झाला. लोक झोपेत होते. सुमारे पावणेदोनशे माणसे दगावली, हजारो घरे कोसळली. धरणास तडे गेले; पण ते उभे राहिले आणि नंतर त्याचे बळकटीकरण करण्यात आले. एवढ्या मोठ्या जलाशयाचा आणि भूकंपाचा काही संबंध असावा काय, या प्रश्नाने तेव्हापासून जगभरच्या शास्त्रज्ञांचे लक्ष कोयनेकडे वेधले. कराडजवळ हजारमाची येथे याच अभ्यासासाठी एक प्रयोगशाळा आहे, आणि कोयना परिसरात तीन किलोमीटर खोलीचे विवर खणून भूगर्भातील खडकांची पाहणी करण्यात आली आहे.

हेळवाकपासून कराडपर्यंत रस्ता आणि कोयना नदी जणू हात धरूनच चालतात. घाटमाथ्यावरील गर्द झाडी हळूहळू विरळ होत जाते. वाटेत पाटण हे तालुक्याचे गाव आहे. जवळच्या दातेगडावर कातळात खोदलेली तलवारीच्या आकाराची विहीर आहे. ती जरूर पाहावी. घाटातून येणारा-जाणारा व्यापार आणि शत्रू या दोहोंवर नजर ठेवण्यासाठीच असे किल्ले असत.

आता पावसाचा हिशेब पाहा. कोयनानगरास वर्षाकाठी सुमारे पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून कराड साठ किलोमीटरांच्या आत आहे. पण कराडचा पाऊस सातशे मिलिमीटरांच्या आसपास! समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीवर चढताना रिते होतात आणि पलीकडे नुसता वारा पोहोचतो. अशा प्रदेशाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. पाठ्यपुस्तकात हा शब्द तुम्ही अनेकदा वाचला असेल. या रस्त्यावर एसटीच्या खिडकीत दीड-दोन तास बसले की तो डोळ्यांनी पाहता येतो.

कराडला पाऊस कमी असला तरी नद्या दोन आहेत. उत्तरेकडून येणारी कृष्णा आणि कोयना येथे समोरासमोर येऊन एकमेकींना मिळतात. दोन नद्या अशा तोंडातोंड भेटणे विरळाच. या संगमाला प्रीतिसंगम म्हणतात. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांची समाधी याच संगमावर आहे. कराड हे फार जुने नगर. त्याचे प्राचीन नाव करहाटक. मध्य भारतातील भारहूत येथील स्तूपावर दान देणाऱ्यांची जी नावे कोरलेली आहेत त्यांत या नगराचाही उल्लेख आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी येथले व्यापारी इतक्या दूर जाऊन दानधर्म करण्याइतके संपन्न होते. जवळच आगाशिवाच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. बंदर आणि देश यांना जोडणाऱ्या वाटांवर अशी लेणी वारंवार आढळतात. तेथे भिक्षू राहत आणि वाटसरूंनाही आसरा मिळे.

कृष्णा ओलांडून विट्याच्या वाटेला लागले की ओगलेवाडी येते. येथील काच कारखान्यात तयार होणारे ‘प्रभाकर’ कंदील एके काळी महाराष्ट्रातील घराघरांत होते. तुमच्या आजोबा-आजींना विचारा. त्यांच्यापैकी कोणी ना कोणी त्या कंदिलाच्या उजेडात धडा पाठ केलेला असेल. कोयनेची वीज खेड्यापाड्यांत पोहोचली आणि कंदील खुंटीवर गेले.

येथून पुढे मात्र रस्त्याचा रंग पालटतो. कृष्णाकाठचे उसाचे हिरवे फड मागे पडतात. माळ सुरू होतो. कौलारू छपरे जाऊन मातीच्या धाब्याची घरे दिसू लागतात, कारण येथे छपरावरून पाणी ओघळण्याची चिंता नाही. ताटात भाताऐवजी ज्वारी-बाजरीची भाकरी येते. कडेगाव लागते, तेथील मोहरमचे गगनचुंबी ताबूत पाहण्यास दूरदूरचे लोक येतात आणि ते उचलण्यास हिंदू व मुसलमान सारखेच खांदे देतात. मग विटा. या भागातील दुष्काळाने माणसांना एक निराळाच व्यवसाय शिकविला. शेत पिकेना, तेव्हा खानापूर-आटपाडी भागातील तरुण घराबाहेर पडले आणि सोने-चांदी आटवून शुद्ध करण्याचे, म्हणजे गलाईचे काम शिकले. आज भारतातील कितीतरी लहानमोठ्या शहरांच्या सराफकट्ट्यांत विट्याकडचा गलाईवाला भेटतो. गावातील मोठाली घरे बहुधा त्यांनीच पाठविलेल्या पैशातून उभी राहिली आहेत.

पण सगळ्यांनाच घर सोडून जाता येत नाही, आणि सगळ्यांनी का जावे? असा प्रश्न येथील लोकांनी विचारला. १९९३ सालापासून नागनाथअण्णा नायकवडी यांच्या नेतृत्वाखाली दुष्काळी तालुक्यांतील शेतकरी आटपाडीला पाणी परिषदांसाठी जमू लागले. त्यांची मागणी साधी होती. कृष्णेचे पाणी आमच्या शिवेजवळून वाहते. ते वर उचलून आमच्या माळावर आणा. अशा मागणीच्या रेट्यातून उपसा सिंचनाच्या योजनांना गती मिळाली. कराडजवळ टेंभू येथे कृष्णेचे पाणी अडवून, प्रचंड पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवून ते कडेगाव, खानापूर, आटपाडी या बाजूस नेलेले आहे. रस्ता जसा कराडहून माळावर चढतो तसेच हे पाणीही चढते. फरक इतकाच की पाणी आपण होऊन कधी चढत नाही. त्याला ढकलण्यास वीज लागते.

येथे थोडे थांबून विचार करा. घाटाच्या पश्चिमेस पाणी खाली पाडून आपण वीज मिळवितो. घाटाच्या पूर्वेस वीज खर्चून पाणी वर चढवितो. दोन्ही पाणी मुळात एकाच कृष्णेच्या खोऱ्यातले. तेव्हा पोफळीला पडणारे पाणी पूर्वेकडेच राहू द्यावे, असे काही जाणकार म्हणतात; आणि विजेची गरज अचानक वाढते त्या घटकेला चालू होणारे एवढे मोठे जलविद्युत केंद्र बंद ठेवणे परवडणार नाही, असे दुसरे म्हणतात. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. ज्याचे शेत वाळते आहे त्याला मात्र या वादाचा निकाल लवकर हवा आहे.

भिवघाट, नागज करीत रस्ता जतला पोहोचतो. जत हे पूर्वी डफळे घराण्याचे संस्थान होते; १९४८ साली ते विलीन झाले. येथे पाऊस पाचशे मिलिमीटरांच्या आसपास, म्हणजे कोयनानगरच्या एक-दशांश. बाजारात मराठी आणि कानडी दोन्ही भाषा सारख्याच सहजतेने कानी पडतात. एकाच घरात आई एका भाषेत आणि आजी दुसऱ्या भाषेत बोलते, आणि मुलांना दोन्ही कळतात. तालुक्याच्या पूर्व भागातील गावे पिण्याच्या पाण्यासाठीही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत आली आहेत. मिरजेजवळील म्हैसाळ येथून कृष्णेचे पाणी उचलून जतकडे आणण्याची योजना आहे. पण ते शेवटच्या गावांपर्यंत पोहोचण्यास फार विलंब लागला. तेव्हा सीमेवरच्या काही गावांनी, आम्हांला पाणी मिळणार नसेल तर आम्ही शेजारच्या राज्यात जातो, असे ठराव केले. २०२२ सालच्या अखेरीस या ठरावांची दोन्ही राज्यांत मोठी चर्चा झाली आणि म्हैसाळच्या विस्तारित योजनेला वेग देण्यात आला. त्या गावकऱ्यांचा मराठीवर राग नव्हता. त्यांचे हंडे रिकामे होते.

जत सोडल्यावर थोड्या वेळाने पाट्यांवरील अक्षरे कानडी होतात. सीमा ओलांडल्याची खूण एवढीच. माती तीच, ज्वारी तीच. १९५६ सालच्या नोव्हेंबर महिन्यापर्यंत विजापूर जिल्हाही मुंबई राज्यातच होता. राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा तो तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव विजयपुर असे आहे. आपल्याकडे विजापूर हेच नाव रूढ आहे, आणि त्याला कारणही तसेच आहे. येथील आदिलशाही दरबारात मराठे सरदार होते आणि महसुलाचे हिशेब मराठीत लिहिले जात. १६८६ साली औरंगजेबाने हे शहर जिंकले आणि आदिलशाही संपली.

दुरूनच गोल घुमटाचा प्रचंड घुमट दिसू लागतो. महंमद आदिलशहाची ही कबर. आतून या घुमटाचा व्यास सुमारे अडतीस मीटर आहे, आणि त्याच्या सज्जात एका बाजूस केलेली कुजबुज समोरच्या बाजूस स्पष्ट ऐकू येते. सहलीला आलेली मुले तेथे आरोळ्या ठोकून पाहतात. परंतु गुहागरपासून पाऊस मोजत आलेल्या प्रवाशाने या शहरात आणखी एक गोष्ट शोधावी. एवढी मोठी राजधानी या कोरड्या माळावर जगली कशी? त्याचे उत्तर शहराच्या पश्चिमेस तोरवीच्या बाजूला आणि बेगम तलावापाशी सापडते. तेथून जमिनीखालून नळ घालून शहरात पाणी आणलेले होते. त्या पाण्याचा दाब सांभाळण्यासाठी वाटेवर दगडी उच्छ्वास बांधलेले होते; त्यांपैकी काही आजही उभे आहेत. शहरात ताज बावडीसारख्या भव्य विहिरी खोदलेल्या होत्या. घोडे, कापड आणि मीठ यांच्या तांड्यांचे बैल येथे पोहोचले की आधी त्यांना पाण्यावर नेत. हिशेब आणि जकात त्यानंतर.

स्वाध्याय

१. गुहागर, कोयनानगर, कराड आणि जत येथील घरे, पिके किंवा पाऊस यांत कोणता फरक आढळतो, तो आपल्या शब्दांत लिहा.
२. आगगाडी आल्यावर चिपळूणच्या व्यापारावर काय परिणाम झाला आणि का?
३. वीस मीटर अंतरात एक मीटर चढ याप्रमाणे ४५० मीटर उंचीच्या घाटासाठी किती लांबीचा रस्ता लागेल?
४. कोयनेचे पाणी पश्चिमेस सोडावे की पूर्वेस ठेवावे? वर्गात दोन गट करून दोन्ही बाजू मांडा.
५. तुमच्या गावावरून जाणारा रस्ता कोठून कोठे जातो? त्यावरून पूर्वी कोणता माल जात असे, हे गावातील वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.